माहुआंग: ताप उतरवते की अंग तापवते?

गवतीचहा:
चिनी वैद्यकात थंडी-तापात घाम आणायला माहुआंग (एफेड्रा) देतात. पण हीच वनस्पती अमेरिकेत 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्यांत असायची, अंगातली उष्णता वाढवते म्हणून. मग खरं काय? आपल्याकडची सोमलता त्याऐवजी घेतली तर चालेल का?

खलबत्ता:
दोन्ही खरं. माहुआंगमधल्या एफेड्रिन या द्रव्यामुळे नॉरअ‍ॅड्रेनालिन (शरीराला उत्तेजित करणारं संप्रेरक) सुटतं, शरीर जास्त उष्णता तयार करतं; शिवाय त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की ती बाहेर पडायलाही अडचण. पारंपरिक वापरात गरम काढा पाजून वर पांघरूण घालतात. घाम येण्यात त्याचाही वाटा आहेच.

प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंगच्या माहुआंग तांग या काढ्याचं आजचं नेहमीचं प्रमाण: माहुआंग ९ ग्रॅम, चिनी दालचिनीच्या कोवळ्या काड्या ६, जर्दाळूच्या बियांचा गर ६, ज्येष्ठमध ३. आधी नुसती माहुआंग उकळतात, वरचा फेस काढतात, मगच बाकीचं घालतात. फेस राहिला तर जीव कासावीस होतो, असं जुने वैद्य मानत. अंग जेमतेम ओलसर झालं की पुढचा डोस नाही. आणि हे फक्त हुडहुडी, अंगदुखी असून घाम अजिबात नसेल तेव्हा. घाम येतच असेल तर हा काढा चुकीचा.

सुंठसाखर:
भाग कोणता, तेही बघा. हिरव्या काड्या घाम आणतात, मूळ घाम थांबवायला वापरतात. मधात परतलेल्या काड्यांचा घामावरचा जोर कमी, त्या खोकला-दम्यासाठी.

गवतीचहा:
आणि सोमलता?

खलबत्ता:
नको. या नावाने हिमालयातली एफेड्रा जेरार्डियाना विकतात, पण एका बिनपानांच्या चिकाळ वेलीलाही लोक सोमलताच म्हणतात. खरी एफेड्रा मिळाली तरी तिच्यातलं एफेड्रिन जागा आणि हंगामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे चिनी काढ्यातले ९ ग्रॅम तिला लावता येत नाहीत.

सुंठसाखर:
उन्हाळा, व्यायाम आणि कॉफी यांच्या जोडीला तर मुळीच नको. फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडात सरावात एक बेसबॉलपटू उष्माघाताने गेला, त्यात एफेड्राच्या गोळ्यांचाही हात असल्याचं तपासणीत म्हटलं होतं. २००४ मध्ये तिथे अशा पूरक गोळ्यांवर बंदी आली. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा नैराश्यावरची एमएओ-रोधक औषधं असतील तर काढासुद्धा नाही. घेताना छातीत धडधड, हात थरथरणं किंवा लघवी अडणं झालं तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जा, आणि काय घेतलं ते पाकिटासकट दाखवा.