रुंदीचे टप्पे उपकरणांवरून ठरवू नयेत
वेबपान लहानमोठ्या पडद्यांवर नीट दिसावे म्हणून मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक यांच्यासाठी तीन ठरावीक रुंदींवर मीडिया क्वेरी (रुंदीनुसार मांडणी बदलणारे, सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतले नियम) लिहाव्यात, अशी एक सूचना केली जाते. ती मला अपुरी वाटते, कारण संगणकावरही वापरकर्ता ब्राउझरची विंडो हवी तितकी अरुंद करू शकतो. मांडणी जिथे बिघडू लागते, तिथेच टप्पा (मांडणी बदलण्याची रुंदी) घ्यावा. स्तंभांसाठी सीएसएस ग्रिडमध्ये (ओळी आणि स्तंभांत मांडणी करण्याची सोय) ऑटो-फिट (मावतील तितके स्तंभ) आणि मिनमॅक्स (स्तंभाची किमान व कमाल रुंदी) एकत्र वापरल्यास, किमान रुंदी एकदा सांगितली की मावतील तितके स्तंभ ब्राउझर स्वतःच मांडतो आणि बऱ्याच क्वेरींची गरजच उरत नाही. मात्र ती किमान रुंदी उपलब्ध जागेपेक्षा जास्त ठरली तर पान आडवे सरकू लागते. म्हणून तिला मिन फंक्शनने (दिलेल्या मापांतले लहान माप निवडणारे) उपलब्ध जागेच्या 100 टक्क्यांची मर्यादा घालावी. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान पडद्याच्या रुंदीइतके धरावे असे ब्राउझरला सांगणारी एचटीएमएलमधली ओळ) लिहायचा राहून गेल्यास मोबाइलवर पान साधारण 980 पिक्सेल रुंदीचे धरले जाते आणि अरुंद पडद्यासाठी लिहिलेले नियम लागूच होत नाहीत.