मदत हवी आहे: ‘द विकर मॅन’च्या परीक्षणासाठी कोणती आवृत्ती धरू?

ग्रंथालयाच्या अंकासाठी रॉबिन हार्डी यांच्या ‘द विकर मॅन’ या चित्रपटावर (१९७३) परीक्षण लिहितोय आणि एका जागी अडलोय. दोन आवृत्त्या पाहून झाल्या: तेव्हा थिएटरात लागलेली ८८ मिनिटांची आणि २०१३ची ९४ मिनिटांची. २००६चा अमेरिकी रिमेक विषयात नाही.

छोटीत नायक पोलीस सार्जंट हाउईची बेटावरची एकच रात्र आहे, मोठीत दोन. पहिल्या रात्री बेटाचा मालक लॉर्ड समरआइल एका पोराला सराईवाल्याची मुलगी विलो हिच्या खिडकीखाली आणून उभं करतो. पानावर एकमेकींना बिलगलेल्या गोगलगायी अगदी जवळून दिसतात, आणि वर हाउई प्रार्थना करतोय. हा प्रसंग गाळला की दुसऱ्या रात्री विलो हाउईला मोहात पाडू पाहते, त्याचं वजनच जातं, असं माझं ठाम मत आहे. पण आमच्या ग्रंथालयात डीव्हीडी छोटीचीच आहे, वाचक तीच नेणार.

मर्यादा ८०० शब्दांची, शेवट फोडायचा नाही. दोन्हींची तुलना करत बसलो तर स्कॉटलंडचं ते बेट, पॉल जिओव्हानी यांचं संगीत, सगळंच राहून जाईल.

याहून लांब, ९९ मिनिटांची तिसरी आवृत्तीही आहे; ती पाहिलेल्यांनी कृपया सांगावं: सुरुवातीचे मुख्य भूमीवरचे प्रसंग हाउई समजायला खरंच लागतात, की ९४ मिनिटांचीच आधाराला धरून लिहिलं तरी चालेल?