मदत हवी आहे: अनामत रक्कम भरल्याशिवाय अँजिओप्लास्टी करण्यास रुग्णालयाचा नकार

निशिगंध_८१
वडिलांची अँजिओग्राफी झाली असून दोन रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले आहेत. रुग्णालयाने अडीच लाखांचा अंदाजखर्च हातात दिला आहे आणि दीड लाख अनामत भरल्याशिवाय तारीख मिळणार नाही असे सांगितले आहे. आमचे रेशनकार्ड केशरी आहे, तरीही "योजनेत बसत नाही" एवढेच उत्तर मिळते. सरकारी चांगले की खाजगी, ही चर्चा कृपया येथे नको. सोमवारपर्यंत काय करता येईल, तेवढेच सांगावे.

हिशेबनीस
शहर कोणते, रुग्णालय सरकारी, विश्वस्त संस्थेचे की पूर्णपणे खाजगी, आणि "योजना" म्हणजे नेमकी कोणती, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच मिळते. "बसत नाही" हे आरोग्यमित्राने (योजनेच्या रुग्णालयातील मदतनीसाने) सांगितले की बिलिंगच्या खिडकीवरून कळले? आणि वडिलांना दाखल करून घेतले आहे की घरी पाठवले आहे?

टेम्सकाठचा
इंग्लंडमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून रुग्णालयात उपचार घेताना बिल हातात पडत नाही. माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बराच काळ थांबावे लागले हे खरे, परंतु घर गहाण टाकावे लागले नाही. आपल्याकडेही आरोग्यसेवेचा आराखडा देणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

मुक्तद्वार
सोमवारपर्यंत लंडनला जाणे धागाकर्त्यांना जमणार नाही. माझ्या मते हा बाजाराचा दोष नसून अर्धवट बाजाराचा दोष आहे. सरकारने सवलतीत जमीन द्यायची, करमाफी द्यायची, मग दर ठरवायचे आणि योजनेचे पैसे उशिरा द्यायचे, अशा व्यवस्थेत कोणते रुग्णालय योजनेचा रुग्ण आनंदाने घेईल? दर खुले ठेवावेत, ते जाहीर करावेत आणि रुग्णाला निवड करू द्यावी.

डॉ_आडगाव
योजनेचे दर परवडत नाहीत, ही आमच्यासारख्या लहान रुग्णालयांची तक्रार खरी आहे. माझ्या रुग्णालयात काही शस्त्रक्रियांना योजनेतून मिळणारी रक्कम सामान आणि भूल यांतच संपते. मात्र निवडीचा मुद्दा मला पटत नाही. केनेथ अॅरो या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेत आपल्याला नेमके काय हवे हे विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाही. कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाच्या) टेबलावर पडलेला माणूस तीन ठिकाणचे दर विचारून येत नाही.

निशिगंध_८१
शहर पुणे. रुग्णालय विश्वस्त संस्थेचे आहे आणि पाटीवर "धर्मादाय" असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते फुले योजनेत अंगीकृत नाही, हे आज कळले. वडील घरी आहेत, चालताना छातीत दुखते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आसपास आहे. आता तरी कोणी मुद्द्यावर बोलेल का?

सदाफुली
वडिलांचे आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचे सरकारी कार्ड) लगेच काढा. त्यात उत्पन्नाची अटच नाही.

हिशेबनीस
ते कार्ड सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी आहे आणि धागाकर्त्यांनी वय सांगितलेले नाही.

धर्मादाय असेल तर प्रश्न वेगळ्या कायद्याचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असल्यास निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक, म्हणजे आपण दुसऱ्या गटात येता. तातडीच्या रुग्णाला दाखल करून घेताना अनामत मागता येत नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) आणि औषधे रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची असतात, मात्र त्यातील निदान निम्मी रक्कम आपल्याला भरावी लागेल. बिलिंगच्या खिडकीवर वाद घालू नका. तेथील वैद्यकीय समाजसेवकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात द्या. रिकाम्या राखीव खाटांची संख्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मुक्तद्वार
म्हणजे पुन्हा सक्तीच. या खाटांचा खर्च शेवटी इतर रुग्णांच्या बिलातच जातो.

डॉ_आडगाव
याला सक्ती म्हणणे योग्य नाही, हा सौदा आहे. करमाफी घेतली, वाढीव चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची परवानगी) घेतले, त्या बदल्यात खाटा देण्याचे मान्य केले. घेतलेले ठेवायचे आणि द्यायचे विसरायचे, हे खुल्या बाजाराच्या कोणत्या तत्त्वात बसते? करार पाळला जावा असा आग्रह खरे तर आपण धरायला हवा.

मुक्तद्वार
करार असेल तर तो पाळावा, एवढे मान्य. परंतु दरनियंत्रणाने काय साधते तेही पाहा. २०१७ च्या फेब्रुवारीत औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत साधारण २९,६०० रुपये केली. माझ्या काकांच्या बिलात स्टेंट त्याच किमतीला होता आणि बलून, वायर, कॅथेटर, "इतर साहित्य" यांचे त्याखाली एक संपूर्ण पान होते.

टेम्सकाठचा
मग नियंत्रण अपुरे होते असे म्हणा. मे २०२० मध्ये राज्याने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दरांखाली आणल्या. अतिदक्षता विभागाला दिवसाला ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. रुग्णालये तेव्हाही चाललीच ना?

डॉ_आडगाव
कशी चालली ते आम्हाला विचारा. सध्या शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते, परंतु दर किती असावेत यावर त्यात बंधन नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. तपासणीला येणारा माणूस दरपत्रकाची पाटी बघतो, बिल बघत नाही.

निशिगंध_८१
वडील ६६ वर्षांचे आहेत, त्यामुळे ते कार्ड मिळणार नाही. समाजसेवकांची भेट झाली. अर्ज घेतला, पोचही दिली, परंतु राखीव खाटा भरलेल्या आहेत असे त्या म्हणाल्या. संकेतस्थळावर त्याच रुग्णालयाच्या दुर्बल घटकांच्या चार खाटा रिकाम्या दिसत आहेत. आता कोणाचे खरे मानायचे?

हिशेबनीस
त्या पानाचा तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि "खाटा भरलेल्या आहेत" हे त्यांच्याकडून लेखी मागा. बहुधा लेखी मागितल्यावरच खाट सापडते. ते दिले नाही, तर दोन्ही गोष्टी नमूद करून सहआयुक्तांकडे तक्रार करा. तोवर फुले योजनेत अंगीकृत असलेल्या दुसऱ्या हृदयरुग्णालयातील आरोग्यमित्राला अँजिओग्राफीचा अहवाल आणि सीडी दाखवून ठेवा, कारण पूर्वपरवानगी त्यावरच मिळते. बसल्या जागीही छातीत दुखू लागले तर मात्र कागदांची वाट पाहू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. धर्मादाय रुग्णालयाला अशा रुग्णास आधी दाखल करून घ्यावेच लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे?