ईमॅक्स सोर्सवरून बिल्ड करून सांभाळणाऱ्यांनो, सल्ला हवा आहे

अनघा_ऐरोली:
नमस्कार मंडळी. घरच्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ आहे, रॅम ४ जीबी. ॲप्टमधून (उबंटूच्या पॅकेज व्यवस्थेतून) येणारा ईमॅक्स हा एडिटर २७.१ आहे आणि मला ट्री-सिटर, म्हणजे कोडची रचना ओळखणारी सोय हवी आहे, जी २९ पासून आली. म्हणून आवृत्ती ३० सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बिल्ड करायचं ठरवतेय. महापेचं ऑफिस आठवड्यातले काही दिवस घरूनच चालतं, तेही याच मशीनवर, त्यामुळे आत्ता चालतोय तो एडिटर बिघडून चालणार नाही. दुसरं म्हणजे सोसायटीची इतिवृत्तं, बाबांचे लेख असा बराच मराठी मजकूर ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्समधल्या टिपणांच्या सोयीत) आहे. जोडाक्षरं तुटली तर सगळं मुसळ केरात. प्रकल्पाच्या गिट साठ्यातून चालू कोड घ्यावा की टारबॉल, म्हणजे प्रसिद्ध आवृत्तीची एकत्र बांधलेली फाइल? अपडेट कसं करता?

कोलशेत_रोड:
अनघाताई, पहिल्यांदा टारबॉलच घ्या. त्यात बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार असते आणि लिस्प फायली (ईमॅक्सचा बराचसा भाग या भाषेत आहे) बाइट-कंपाइल होऊन आलेल्या असतात. गिटवरून घेतलंत तर आधी ऑटोजेन चालवा, ऑटोकॉन्फ आणि टेक्सइन्फो टाका, मग सगळ्या लिस्प फायली कंपाइल होईपर्यंत थांबा. ४ जीबीच्या मशीनवर तो वेळ जाणवतो.

जुना ईमॅक्स अजिबात काढू नका. कॉन्फिगरला प्रिफिक्स, म्हणजे कुठे इन्स्टॉल करायचं ती जागा देताना होम डिरेक्टरीत प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं फोल्डर द्या. मग सुडो लागत नाही, सिस्टिमच्या फायलींना हात लागत नाही, आणि नको झालं की ते फोल्डर उडवलं की संपलं. तेवढंही आधी करायची गरज नाही. मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) पूर्ण झालं की एसआरसी फोल्डरमधला ईमॅक्स तिथूनच चालवता येतो. दोन दिवस तसाच वापरा, पटला तरच मेक इन्स्टॉल.

लायब्रऱ्यांसाठी ॲप्टचं बिल्ड-डेप आहे, पण आधी सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये सोर्स कोडची खूण करावी लागते. आणि ते २७.१ ला लागतं तेवढंच आणतं. ट्री-सिटर आणि लिबजीसीसीजिट (नेटिव्ह कंपायलेशनची लायब्ररी) या दोन्हींची डेव्ह पॅकेजेस, म्हणजे बिल्डला लागणारी पॅकेजेस, वेगळी टाका. लिबजीसीसीजिटचा आकडा जीसीसी कंपायलरच्या आकड्याशी जुळला पाहिजे, २२.०४ वर तो ११ आहे. नेटिव्ह कंपायलेशन (लिस्पचं थेट मशीन कोडमध्ये रूपांतर) ३० मध्ये आपोआप चालू असतं, फक्त त्याला एओटी हा पर्याय देऊ नका. दिलात तर सगळं लिस्प बिल्डच्या वेळीच नेटिव्ह होत बसतं आणि तुमचा लॅपटॉप तापेल. नाही दिला तर लागेल तसं मागे हळूहळू होत राहतं. मेकला जे २, म्हणजे एका वेळी दोन कामं, पुरे.

बेलापूरची_मीरा:
मराठीचं मी सांगते, कारण माझं सगळं भाषांतराचं काम ईमॅक्समध्येच चालतं. कॉन्फिगर संपताना 'होय-नाही'ची मोठी यादी छापतं. लोक ती न वाचता मेक मारतात. त्यात हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीच्या ओळीपुढे 'येस' आहे का ते डोळ्यांनी बघा. डेव्ह पॅकेज नसेल तर कॉन्फिगर अडत नाही, गुपचूप त्याशिवाय पुढे जातं. २७ पासून जोडाक्षरांची जुळणी हार्फबझच करतं.

मग नवा बिल्ड क्यू पर्यायाने, म्हणजे स्वतःच्या सेटिंगशिवाय उघडा आणि स्क्रॅच बफरमध्ये (कच्च्या लिखाणाच्या पानावर) लिहा: तऱ्हा, दऱ्या, कार्य, क्षत्रिय, उद्ध्वस्त. र चा तुटका आकार किंवा सुटा हलन्त दिसला तर त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबर चिन्ह दाबा. कोणता फॉन्ट वापरला आणि कोणकोणती अक्षरं जोडली हे तिथे दिसतं. निम्म्या वेळी दोष फॉन्टचा निघतो, बिल्डचा नाही. हे सगळं खिडकीतल्या ईमॅक्समध्ये करा, टर्मिनलमध्ये जोडाक्षरं टर्मिनलच्या मर्जीवर असतात.

वागळे_इस्टेट:
नुसती नवी आवृत्तीच हवी असेल तर फ्लॅटपॅक, म्हणजे आयतं बिल्ड केलेलं पॅकेज घ्या ना. कोडला हात लावायचा नसेल तर सोर्स सांभाळणं हे कायमचं काम मागे लावून घेणं आहे.

अनघा_ऐरोली:
वागळे दादा, हात लावायचाय. देवनागरी इनपुट मेथडमध्ये माझ्या सोयीच्या काही की घालायच्या आहेत. जमलं तर तो बदल मूळ प्रकल्पाला पाठवायचाही आहे.

कोलशेत_रोड:
मग टारबॉलवर हात बसला की गिटवर या. ३० ची रिलीज ब्रँच (कोडची शाखा) धरा. मास्टर ही मुख्य ब्रँच रोज बदलते, कामाच्या मशीनवर ते नको. तुम्हाला हवी ती फाइल लिस्प, लाइम, क्वेल या फोल्डरांत इंडियन नावाने आहे. अक्षरं जोडण्याचे नियम मात्र लँग्वेज फोल्डरातल्या इंडियनमध्ये आहेत, दोन्हींची गल्लत होते. लिस्प बदललं तर पूर्ण बिल्ड लागत नाही, ती फाइल लोड केली की बदल दिसतो.

गिट पुलने नवा कोड आणल्यावर साधं मेक अडलं तर मेक बूटस्ट्रॅप, म्हणजे पहिल्यापासून बिल्ड. तेही अडलं तर गिट क्लीन, पण तो कमिट न केलेल्या नव्या फायलीही पुसतो. म्हणून आपले बदल कायम वेगळ्या ब्रँचवर कमिट करून ठेवा. नेटिव्ह कॅशेमध्ये जुन्या बिल्डची फोल्डरं साठत जातात, नेटिव्ह-कंपाइल-प्रून-कॅश ही कमांड ती साफ करते.

पॅच, म्हणजे आपला बदल पाठवायला ईमॅक्सच्या आतच सबमिट-ईमॅक्स-पॅच ही कमांड आहे. साधारण पंधरा ओळींपेक्षा मोठं योगदान असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला कॉपीराइट सोपवल्याचा कागद करून द्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा पॅच तयार व्हायच्या आधीच विचारून ठेवा. कॉन्फिगरची ओळ इथे टाका, मी आणि मीराताई बघून देतो.