वरचा झोन गार, खालचा गरम: कोणाला काही सुचतं का?

मंडळी, नमस्कार.

आम्ही दोघं तुरीच्या सोंगणीसाठी गावी, दारव्हा तालुक्यात आलोय. बॉस्टनजवळच्या घरी लेक एकटी आहे. आज सकाळी (तिच्याकडे रात्र) तिचा फोन आला: वरच्या दोन्ही खोल्या थंडगार, खाली सगळं ठीक. थर्मोस्टॅट ६८ वर लावलेला, खोलीचा आकडा ५४. बाहेर शून्याखाली, आणि हे फॅरनहाइटचं शून्य, म्हणजे आपलं उणे १८.

घरी गरम पाण्याचा, तेलावरचा बॉयलर, भिंतीलगत बेसबोर्ड (गरम पाण्याच्या नळीचे लांबट हीटर), तीन झोन, म्हणजे स्वतंत्र तापणारे घराचे तीन भाग. थर्मोस्टॅटचे सेल तिनं बदलून पाहिले. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो चार दिवसांनी येणार, आणि न बघताच 'बॉयलर जुना झाला, बदलून टाका' म्हणून मोकळा. इथं शेतात बसून मी तिला काय सांगू?

– दारव्ह्याहून

*

भाऊ,

बॉयलर बदलायचं नाव काढू नका. खालचा झोन तापतो आहे, म्हणजे बॉयलर पेटतो आहे. न्यू जर्सीत जन्मभर मी हीच कामं केली, आता वरूडकडे संत्र्याचा बगीचा सांभाळतो. आमच्या ठिबकलाही मोटर एक अन् व्हॉल्व्ह तीन. एक पट्टा कोरडा राहिला तर आम्ही मोटर उपसत नाही, त्या पट्ट्याचा व्हॉल्व्ह पाहतो. तुमच्या तळघरात तेच आहे.

पण कारण मागून शोधू. आधी पाणी फिरतं करा. बाहेरच्या भिंतीलगत पाणी थांबून राहिलं की गोठतं अन् तांब्याची नळी फाटते. ते लगेच कळत नाही बाप्पा, बर्फ वितळून छतातून धार लागते तेव्हा कळतं.

पोरीला बॉयलरपाशी पाठवा. नळ्यांवर मुठीएवढ्या धातूच्या तीन डब्या दिसतील, त्या झोन व्हॉल्व्ह. खालच्या झोनची नळी गरम लागेल, वरच्याची गार, त्यावरून डबी ओळखता येईल. डबीच्या कडेला एक छोटा लिव्हर असतो. तो हळूच सरकवून खाचेत अडकवायचा. सरकवताना जड लागला तर व्हॉल्व्ह बंद होता. सैल, खुळखुळा लागला तर व्हॉल्व्ह आधीच उघडा आहे अन् अडचण पुढं नळीत आहे. हा फरक तिला नीट समजावून सांगा, अर्धं निदान तिथंच होतं.

एक मेख आहे. व्हॉल्व्ह हातानं उघडला तर बऱ्याच मॉडेलमध्ये आतला स्विच लागत नाही, म्हणजे बॉयलरला अन् पंपाला हाक जात नाही. म्हणून खालचा थर्मोस्टॅट चार-पाच अंश चढवून ठेवा. खालच्या झोनसाठी पंप फिरेल, त्यात वरचाही तापेल.

– वरूडचे काका

*

काका, मध्येच बोलते. हवा तर धरली नसेल? मिशिगनच्या घरी आमचा वरचाच मजला दरवेळी गार पडायचा, नळीतून हवा काढली की सुरू. शिवाय दादा, लेकीला सांगा, ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नको. आमच्या शेजारी केलं होतं एकांनी, विषारी वायूचा (कार्बन मोनॉक्साइडचा) डिटेक्टर वाजला म्हणून निभावलं.

– हिंगणघाटहून

*

ताई, शंका रास्त आहे. हवा नेहमी उंचावर जाऊन बसते, त्यामुळे वरच्या मजल्यालाच त्रास. पण तेव्हा बेसबोर्डात गुळगुळ आवाज येतो अन् नळी ठरावीक जागेपर्यंत गरम, पुढं गार लागते. लिव्हर सरकवल्यावर काय होतं ते कळू द्या, मग बोलू. बॉयलरचा दाबही पाहायला सांगा. दुमजली घरात थंड असताना १२ पीएसआयच्या आसपास हवा. काटा शून्याकडे झुकला असेल तर पाणीच वर चढत नसेल.

ओव्हनचं अगदी बरोबर. विजेचा हीटर लावला तर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेन्शनवर नाही, अन् पडद्यापासून तीन फूट लांब.

– वरूडचे काका

*

काका, लिव्हर चांगलाच जड होता. अडकवल्यावर थोड्या वेळानं वरचा बेसबोर्ड तापला, पार शेवटपर्यंत. आवाज नाही. काटा १४ वर. जीव भांड्यात पडला. लेक म्हणते, हे काका फोनवर मिळतील का!

– दारव्ह्याहून

*

मग हवा नाही, गोठणंही नाही. आता संशय तिघांवर: थर्मोस्टॅट, तार, व्हॉल्व्हची मोटर.

लिव्हर खाचेतून सोडून बॉयलरचा स्विच बंद करा. वरचा थर्मोस्टॅट भिंतीवरून काढा, आर अन् डब्ल्यू या अक्षरांपाशी जोडलेल्या दोन तारा एकमेकींना पिळा, स्विच सुरू करा. व्हॉल्व्ह मिनिटभरात हलला तर थर्मोस्टॅट गेलेला. नाही हलला तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोटरच्या दोन तारांवर मोजा. २४ व्होल्ट येत असूनही मोटर मुकी असेल तर मोटर गेली. व्होल्ट येतच नसतील तर तार किंवा जोड शोधा.

– वरूडचे काका

*

तारा पिळून काही हलेना. मीटरवर २५. म्हणजे मोटरच ना? लिव्हर पुन्हा खाचेत अडकवलाय, वर ६५ झालं.

– दारव्ह्याहून

*

मोटरच. डबीवरच्या लेबलचा फोटो काढून तोच नंबर मागवा. बऱ्याच मॉडेलचं हेड, म्हणजे मोटर असलेला वरचा भाग, बारीक बटण दाबून किंवा स्क्रू काढून वेगळं होतं, नळीतलं पाणी सोडावं लागत नाही. तुमचं तसं नसेल, अख्खा व्हॉल्व्ह डाखलेला असेल, तर पोरीला हात लावू देऊ नका. ते प्लंबरचं काम.

हेड सुटं निघालं तर स्विच बंद करून जुन्या तारांचाही फोटो घ्या. बहुतेक दोन पिवळ्या मोटरच्या, दोन तांबड्या स्विचच्या असतात. अदलाबदल झाली तर ट्रान्सफॉर्मर उडू शकतो. व्हॉल्व्हपाशी २४ व्होल्टच असले तरी बॉयलरपाशी १२० आहेत, हे तिच्या कानावर घाला.

नवीन हेड बसलं की लिव्हर ऑटोवर आहे ना ते बघा, अन् खालचा थर्मोस्टॅट पुन्हा उतरवा, नाहीतर तेलाचं बिल पाहून तुम्ही तूर सोडून विमानात बसाल.

– वरूडचे काका