ओपन-सोर्स लायब्ररीतील जुन्या डॉकस्ट्रिंगची साफसफाई: आधी काय दुरुस्त करावे?

प्रश्न

मजकुरातून तारखा आणि कालावधी शोधून काढणाऱ्या एका छोट्या पायथन लायब्ररीच्या देखभालीत मी वर्षभरापासून सहभागी आहे. दहा वर्षांहून अधिक काळ तिला अनेकांचे हात लागले असल्यामुळे डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शन काय करते ते सांगणाऱ्या कोडमधील टिप्पण्यांमध्ये, एकवाक्यता उरलेली नाही. काही फंक्शनची माहिती गुगल पद्धतीने दिलेली आहे, काहींची नमपाय पद्धतीने (या दोन्ही डॉकस्ट्रिंग लिहिण्याच्या प्रचलित शैली आहेत), आणि काही ठिकाणी केवळ फंक्शनचे नावच वाक्य करून पुन्हा लिहिलेले आहे.

सर्व डॉकस्ट्रिंग एका पद्धतीत आणणारी एक पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) मी तयार केली होती. तिच्यात साठ फाइल बदलल्या होत्या, आणि मुख्य मेंटेनरांनी इतका मोठा बदल वाचून तपासणे शक्य नसल्याचे सांगून ती परत केली, जे मला पटले. मात्र ते काम करताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. महिन्याच्या नावावरून त्याचा क्रमांक देणारे एक फंक्शन आहे. त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये ‘नाव ओळखता न आल्यास नन परत मिळते’ असे लिहिले आहे (नन म्हणजे ‘काहीच नाही’ दाखवणारे मूल्य), पण प्रत्यक्षात अनोळखी नाव दिल्यास की-एरर, म्हणजे नोंद न सापडल्याची त्रुटी, येते. अशा वेळी कोड खरा मानून टिप्पणी बदलावी का? शिवाय, शैलीचे बदल एकत्र केल्यास गिट ब्लेमचा (कोणती ओळ कोणी, कधी बदलली हे दाखवणाऱ्या आदेशाचा) इतिहास झाकला जातो, त्यावर उपाय काय?

उत्तर १

आपली पुल रिक्वेस्ट परत आली ते एका अर्थाने बरेच झाले, कारण साठ फाइलींच्या त्या बदलात महिन्याच्या फंक्शनची चूक सुबक मांडणीत जशीच्या तशी पुढे गेली असती. टिप्पणी नसेल तर वापरणारा कोड उघडून पाहतो. नीटनेटकी पण चुकीची टिप्पणी असेल तर तो तिच्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो. म्हणून आधी मजकुराची सत्यता तपासावी आणि शैलीला त्यानंतर हात घालावा.

कोड खरा की टिप्पणी, हे मात्र कोडकडे पाहून ठरवता येत नाही. कोड काय करतो एवढेच कोड सांगतो. त्याने काय करावे असे ठरले होते, ते बहुधा टिप्पणीतच उरलेले असते. त्या फंक्शनचा गिट लॉग (बदलांचा इतिहास) काढून की-एरर नेमकी कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) येऊ लागली ते शोधावे. तो बदल विचारपूर्वक केलेला असेल तर कमिटच्या संदेशात, बदलांच्या नोंदीत किंवा एखाद्या चाचणीत त्याची खूण सापडते, आणि मग टिप्पणी बदलणे योग्य ठरते. अशी कोणतीच खूण नसेल तर डॉकस्ट्रिंग हा वापरणाऱ्यांशी झालेला करार समजून कोड दुरुस्त करावा. लायब्ररीच्या आत हे फंक्शन कोण बोलावते, आणि तेथे उत्तर नन आहे का याची तपासणी होते की की-एरर पकडली जाते, हेही पाहावे. पुष्कळदा निर्णय तिथेच होतो.

पुल रिक्वेस्ट एका मॉड्यूलपुरतीच ठेवावी. तपासणाऱ्याला डॉकस्ट्रिंग आणि तिच्याखालचा कोड एकत्र वाचता आला पाहिजे, आणि तसे वाचन दहा-बारा फंक्शनांच्या पुढे लक्षपूर्वक होत नाही.

उत्तर २

शैली आणि ब्लेम यांविषयी लिहितो. २००१ सालचा पेप २५७ हा पायथनमधील डॉकस्ट्रिंगचे संकेत सांगणारा दस्तऐवज पहिली ओळ एका वाक्याची आणि आज्ञार्थी असावी, तिच्या शेवटी पूर्णविराम असावा, एवढे सांगतो. आतील विभागांची मांडणी तो ठरवून देत नाही. त्यामुळे गुगल किंवा नमपाय यांपैकी एक पद्धत निवडून ती प्रकल्पाच्या संरचना-फाइलीत नोंदवावी. रफ या कोड तपासणाऱ्या साधनात ‘डी’ या अक्षराने सुरू होणारे नियम डॉकस्ट्रिंगसाठीच आहेत, आणि निवडलेली पद्धत सांगितली की विसंगत नियम आपोआप बाजूला पडतात. रफ रिकाम्या ओळी आणि पूर्णविराम यांसारख्या गोष्टी स्वतः दुरुस्त करतो, पण एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करत नाही. ते काम हातानेच करावे लागते.

यंत्राने केलेले बदल आणि माणसाने केलेले बदल एका कमिटमध्ये मिसळू नयेत. यांत्रिक बदलांच्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवला, तर २०१९ मधील गिट २.२३ पासून ब्लेमला ती फाइल दाखवून तो कमिट वगळता येतो. फाइलीचे नाव ‘डॉट-गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ असे ठेवून ती प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवल्यास गिटहबही तिची दखल घेतो. येथे एक खाचखळगा आहे: आपल्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सर्व कमिट एकात मिळवून) मर्ज होत असतील, तर मुख्य शाखेवर नवा हॅश तयार होतो आणि आधी नोंदवलेला हॅश निरुपयोगी ठरतो. नोंद मर्ज झाल्यानंतरच्या वेगळ्या कमिटमध्ये करावी.

आणखी एक विनंती. ‘नोक्यूए’ किंवा ‘टाइप इग्नोअर’ अशा टिप्पण्या कचरा वाटल्या तरी त्या साधनांसाठी लिहिलेल्या सूचना आहेत, त्या काढू नयेत. फाइलीच्या माथ्यावरील परवान्याच्या मजकुरालाही हात लावू नये.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण सत्यता तपासण्याचे बरेचसे काम यंत्रावर सोपवता येते, याकडे लक्ष वेधायचे आहे. डॉकस्ट्रिंगमधील उदाहरणे तीन ‘पेक्षा मोठे’ चिन्हांनी सुरू होत असतील, तर पायटेस्ट या चाचणी-साधनाला डॉकटेस्ट-मॉड्यूल्स हा पर्याय देऊन ती चाचण्यांप्रमाणे चालवता येतात. जुन्या लायब्ररीत पहिल्यांदा असे केले की बरीच उदाहरणे कोसळतात, आणि कोसळलेले प्रत्येक उदाहरण म्हणजे कामाच्या यादीतील एक तयार नोंद असते. काही अपयशे मात्र निरर्थक असतात: सेट छापताना घटकांचा क्रम निश्चित नसतो, आणि ‘आज’वर अवलंबून असलेले उदाहरण उद्या मोडते. तारखांच्या लायब्ररीत हे दुसरे प्रकरण सतत भेटेल. म्हणून उदाहरणांत संदर्भाची तारीख स्पष्टपणे द्यावी.

आपल्या लायब्ररीत रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुने शोधण्याची सूत्रे) असणारच, म्हणून एक बारकावा सांगतो. साध्या डॉकस्ट्रिंगमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ‘डी’ लिहिल्यास पायथन ३.१२ पासून सिंटॅक्स वॉर्निंग दिसते, त्यामुळे ती चूक सापडते. पण उलटी तिरकी रेघ आणि ‘बी’, म्हणजे शब्दाची सीमा दाखवणारे चिन्ह, लिहिल्यास कोणतीही सूचना येत नाही. पायथन त्याचा अर्थ बॅकस्पेस असा घेतो आणि हेल्पमध्ये ते चिन्ह दिसतच नाही. वाचणाऱ्याला नमुना अर्धवट मिळतो आणि तो तसाच उचलून वापरला जातो. अशा डॉकस्ट्रिंगच्या आधी ‘आर’ लावून ती रॉ (तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवणारी) करावी, असे पेप २५७ मध्येच सांगितलेले आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज महिन्याच्या फंक्शनचा इतिहास काढला. सुरुवातीला तेथे डिक्शनरीची ‘गेट’ ही (नाव न सापडल्यास नन देणारी) मेथड वापरलेली होती. पुढे ‘अनावश्यक मेथड काढल्या’ एवढाच संदेश असलेल्या एका कमिटमध्ये तिच्या जागी चौकटी कंस आले आणि तेव्हापासून की-एरर येऊ लागली. बदलांच्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही, अनोळखी नावासाठी चाचणीही नाही, आणि त्या फंक्शनला बोलावणारी दोन्ही ठिकाणे अजूनही नन मिळाले का हेच तपासत आहेत. म्हणजे टिप्पणी खरी होती, आणि माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये मी तीच बदलून टाकली होती.

उत्तर १

मग डॉकस्ट्रिंगमध्येच अनोळखी नावाचे एक उदाहरण घालावे आणि आजच्या कोडवर ते अपयशी होते हे आधी पाहून घ्यावे. नन परत आल्यास पायथनचा संवादी कन्सोल काहीच छापत नाही, म्हणून उदाहरणात ‘इज नन’ अशी तुलना करून उत्तर ‘ट्रू’ असे लिहावे. कोडची दुरुस्ती त्याच पुल रिक्वेस्टमध्ये करावी, आणि ज्यांनी मधल्या काळात की-एरर पकडणारा कोड लिहिला असेल त्यांच्यासाठी बदलांच्या नोंदीत एक स्पष्ट ओळ द्यावी.