वस्तूचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवू द्यावा का?

खडूफळा:
नावाचा, चिन्हाचा ट्रेडमार्क समजतो. मग आकाराचा का नको? कोका-कोलाची बाटली घ्या. १९१५ मध्ये ती बनवून घेताना अपेक्षाच अशी होती, की अंधारात नुसता हात लागला तरी ओळखू यावी. अमेरिकेत १९६० मध्ये तिची नोंदणीही झाली. ज्या आकारावरून माल कुणाचा ते कळतं, तो नोंदवू द्यावा.

पेचकस:
असहमत. उदाहरण सोयीचं निवडलंत. बाटली कमरेत बारीक नसती तरी पेय तिच्यात राहिलंच असतं. त्यापेक्षा लेगो या खेळण्यातली, एकावर एक बसवायची वीट बघा. तिच्या डोक्यावरच्या आठ गोल खुंट्या शोभेच्या नाहीत, वर बसणाऱ्या विटेला त्याच धरून ठेवतात. पेटंटची, म्हणजे शोधावरच्या हक्काची, मुदत संपल्यावर लेगोने याच आकाराचा ट्रेडमार्क घेतला होता. तो रद्द झाला आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयानेही ते कायम केलं. योग्यच झालं. पेटंट २० वर्षांत संपतं. ट्रेडमार्कचं दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहा, मरणच नाही त्याला.

खडूफळा:
पण इतरांना वेगळ्या आकाराच्या खुंट्या करायला कुणी अडवलं होतं? लेगोचं म्हणणंही हेच होतं.

पेचकस:
तीच तर मेख आहे. पकड देणारे आकार असून असून किती असणार? एकानेच ते सगळे नोंदवले तर बाकीच्यांनी काय करायचं? फिलिप्सच्या तीन डोक्यांच्या शेव्हरच्या वेळी, २००२ मध्येच, न्यायालयाने सांगितलं होतं की पर्यायी आकार आहेत ही सबब चालणार नाही.

आडगिऱ्हाईक:
दोघंही किटकॅट विसरलात! चार कांड्यांच्या आकाराची ओळख दहा देशांत सिद्ध झाली, तरी २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाला ती पुरली नाही. बेल्जियम, ग्रीस, पोर्तुगाल वगैरेंचं काय, म्हणे. मला तो हिशेब जरा अतीच वाटतो. पण माझी शंका वेगळीच आहे. आकार दिसतो वेष्टन फाडल्यावर, तोवर पैसे देऊन झालेले असतात. मग गिऱ्हाइकाने माल निवडला तो आकारावरून की वर छापलेल्या नावावरून?

खडूफळा:
हे अर्धं मान्य. पण पेचकस, लेगोच्या छोट्या माणसाचा आकार २०१५ मध्ये युरोपातच टिकला. त्याच्याही डोक्यावर खुंटी आहेच की!

पेचकस:
आहे. ती उडवली तरी माणूस माणूसच दिसतो. विटेच्या खुंट्या काढून बघा, नुसता ठोकळा उरतो.